एका पायाचा राघू

आत्याबाई, पाया पडते.

तुमच्या लेकाच्या मारातून सोडवून तुमी मला यष्टीत बसवलं, तवा म्हणला होता, "मागं खूण ठेवू नको." मी सगळं टाकलं, पण खोडरबरावर कोरलेला माझा राघूचा ठसा तेवढा आणला. आपल्या ओट्यावर कोरताना ब्लेड निसटलं आन् त्याचा एक पाय उडाला, तवा तुमी लय हसला होता; तुमच्या लेकानंबी तो बघितला होता.

इथं पालमला त्याच ठशानं कार्डं आन् गिफ्टला बांधायचे टॅग छापून मी पोट भरायलेय. ते विकणारा दुकानदार म्हणला, मागचे टॅग आपल्या राणीसावरगावच्या लग्नात गेले. तवापासून दार वाजलं की मी आधी फटीतून बघते.

काल मी नसताना एक माणूस दुकानात आला. नाव सांगितलं न्हाई. तसल्याच एका पायाच्या राघूचं एक कार्ड पायजे म्हणला, आत काही लिहायचं न्हाई. दुकानदारानं भोळेपणानं माझं घर सांगितलं. आज तो न्यायला येणार हाय.

काल तुमचा लेक घरीच होता का? एवढंच विचारायचं होतं. पण तुमाला आलेलं पत्र तोच वाचून दाखवतो, मग हे टाकू कसं?

कार्डावरच्या राघूला मी पेनानं दुसरा पाय काढलाय. शाई अजून ओली हाय.

तुमचीच सून,
राजेश्री