मिठाचा हात

६ मार्च
गेले होते ह्यांचा खोकला दाखवायला, आले स्वतःची गोळी घेऊन. गिरणीत दिवसभर पीठ उडतं, त्यामुळे ह्यांना खोकला दरवर्षीचाच. सिस्टर म्हणाली, काकू बसल्याच आहात तर तुमचंही बीपी बघू. बघितलं. परत बघितलं. मग दुसरा दंड. १७२/१०४. म्हटलं, मशीन बिघडलंय तुमचं.
डॉक्टरीणबाई नवीन आहे, पोरगीच दिसते. म्हणाली, "मशीन ठीक आहे काकू. डोकं दुखतं का?" म्हटलं दुखतं, पण त्याची कारणं घरातच आहेत. ती हसली नाही.
रोज सकाळी एक गोळी, चुकवायची नाही. चालायचं. मीठ कमी.
मीठ कमी. मला!
ह्यांचा खोकला दाखवायचा राहूनच गेला.

७ मार्च
झोप धड नाही. आई सारखी डोळ्यापुढे. तिलाही हेच असणार, तेव्हा कोणी मोजलं नाही. एका सकाळी चुलीपुढं कलंडली ती कलंडलीच. उजवा हात गेला, बोलणं गेलं. शेवटपर्यंत बाजेवर. पाणी मागायची ते फक्त मला कळायचं.
मला तसं पडायचं नाही. इथं लिहिते, बाहेर बोलणार नाही.
रेखाला सांगितलं, आजपासून माझं वरण वेगळं काढ. ती म्हणाली, "वेगळं कशाला मामी? सगळ्यांचंच कमी टाकते. ज्याला लागंल त्यानं वरून घ्यावं." लग्न करून घरात आली त्या दिवसापासून मामी म्हणते. सून म्हणून नाव ठेवायला जागा शोधावी लागते, पण शोधली की सापडते.

१० मार्च
गोळी घेतली. चालून आले, शाळेपर्यंत.
हे जेवताना म्हणाले, "हे वरण हाय का गरम पाणी?" मग माझ्याकडं बघितलं आणि गुमान भुरकले. मिठाची वाटी समोर होती, हात लावला नाही. जिभेचे इतके लाड करणारा माणूस. बरं वाटलं. पण तोंडावर सांगितलं नाही, लगेच डोक्यावर बसतील.
लोणचं बंद. ठेचा बंद. बिनमिठाची शेंगदाण्याची चटणी म्हणजे भुसा.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. कडुलिंबाच्या चटणीत गूळ, चिंच, ओवा. मीठ नाही. आता कडू ते कडूच लागतं, मधे पडणारं कोणी नाही.
शेजारची गंगाबाई आली. "अक्का, पुढल्या हप्त्यात माझे पापड. तुमी याय लागतंय बरं." न जाऊन कसं चालेल. आमच्या गल्लीत लाटणाऱ्या ढीगभर, पण मिठाला मी. खाराच्या पाण्यात मीठ किती, ते मी चाखून बास म्हटल्याशिवाय कोणी पिठात पाणी ओतत नाही. सासूबाईंनंतर हे माझ्याकडं आलं. मी लाटणं हातात घेत नाही, पाटावर बसते, आणि पहिली लाटी तेलात बुडवून मला. या वालूर गावात माझं दुसरं काही नाव नाही, हे एवढं आहे.
बीपीचं गंगाबाईला सांगितलं नाही. उद्या सगळी गल्ली दारात येऊन बसेल.

२६ मार्च
गंगाबाईकडं पापड. मजा आली. उन्हं तापायच्या आत पीठ तिंबून झालं. पाणी दोनदा उकळायला लावलं, खार कमी होता. पीठही तीन ठिकाणाहून चाखलं, कारण मळणाऱ्या बायका गप्पांत रंगल्या की एकीकडं खारट, एकीकडं फिकं. "अक्काची जीभ म्हंजे तराजू," गंगाबाई. मग लाट्या.
घरी येऊन आळणी भाजी-भाकरी खाल्ली. इतक्या दिवसांत ताटात मिठाचा कण घेतलेला नाही. माझ्यासारखं पथ्य कोणी पाळून दाखवावं.

२ एप्रिल
सध्या रोज कोणाकडं तरी. काल खारोड्या, आज पुन्हा पापड. खारोड्यांसाठी बाजरीचा शिजता घाटा चाखायचा म्हणजे जीभ भाजते. ह्यांच्या गिरणीत उडदाची रांग. दोघंही घरी येतो ते पांढरे होऊन. रेखा म्हणते, भुतं आली.
गो. घेतली.

८ एप्रिल
१६८/१०२.
इतकं करून! डॉक्टरीणबाईनं कागद बघितला, मला बघितलं. "काकू, गोळी रोज घेता ना? खरं सांगा." अंगाचा तिळपापड झाला. मी खोटं बोलते? रिकामी पाकिटं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, मग मीठ कुठून तरी जातंय. नीट शोधा, पंधरा दिवसांनी या, नाहीतर गोळी वाढवू.
कुठून जाणार? स्वयंपाक कोण करतं?

सायं. बोलू नये ते बोलले. रेखाला विचारलं, वरणात गुपचूप मीठ टाकतेस का. ती परात घासत होती. हात थांबले. "मामी, मला काय पडलंय हो तुमचं बीपी वाढवायचं?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. हे ओट्यावरून ऐकत होते. म्हणाले, "तुझं तोंड आधी तपासून घे." म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

९ एप्रिल
रेखा बोलत नाही. कामं सगळी वेळेवर. त्यानं जास्तच लागतं.

१२ एप्रिल
आज आमचे स्वतःचे पापड. सगळ्या बायका आमच्या अंगणात. रेखा माझ्या शेजारी वाटी घेऊन बसली. मी पाणी चाखलं की ती पळीनं तेवढं पाणी वाटीत टाके. मी पिठाचा गोळा तोंडात टाकला की तेवढाच गोळा वाटीत. लाटी खाल्ली की वाटीत लाटी. मला वाटलं तुळशीपुढं ठेवायला काढते आहे, सूनबाईला देवाधर्माचं सुचलं म्हणून खूषही झाले.
बायका गेल्यावर वाटी माझ्यापुढं ठेवली. भरून वर शीग आली होती.
"मामी, एवढं खाल्लंत तुमी सकाळपासून. आणि हे एका घरचं."
मी म्हटलं, अगं ते खाणं थोडंच, ते चाखणं. तोंडातून शब्द गेला आणि मलाच ऐकू आला. इतके दिवस मी खरंच तसंच धरून चालले होते. चाखणं हे काम. ताटात पडतं ते खाणं. चाखलेलं पोटात जात नाही, जणू जिभेवरून उडून जातं.
वाटीतला गोळा बोटानं दाबून बघितला. खारानं चरचरीत.
मला हसू आलं, मग रडू आलं. रेखा घाबरली, "मामी, बीपी वाढंल, रडू नका." त्यावर दोघी हसलो.

१३ एप्रिल
रेखाला सरळ म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, असू द्या. म्हटलं असू द्या नाही, मी तुझ्यावर आळ घेतला. तिनं डोळे पुसले आणि चहा टाकला. चहात साखर जास्त पडली. गोड होता, प्यायले.

२० एप्रिल
गंगाबाईकडं खारोड्या. रेखानं सुचवलं, चाखा पण गिळू नका. घाटा तोंडात घेतला, चव कळली, आणि उठून भिंतीपलीकडं थुंकले. चूळ भरून मागं वळते तो गंगाबाई कमरेवर हात. "अक्का, माझ्या अन्नावर थुंकलाव?"
मग सांगावंच लागलं. बीपी, गोळी, आई, सगळं. लपवून ठेवलेलं एका दमात बाहेर. गंगाबाई आधी थंड पडली, मग अजून चिडली. "मला न्हाई सांगितलं? शेजारीण हाव का कोण हाव मी?" त्याच रागात मला घरापर्यंत सोडायला आली. दुपारी लिंबाचं सरबत घेऊन. बिनमिठाचं.

२३ एप्रिल
१५०/९४. उतरायला लागलं! डॉक्टरीणबाईला वाटीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा हसली ती. हसल्यावर अजूनच पोरगी दिसते. गोळी तीच, वाढवली नाही.

४ मे
आता फक्त उडदाच्या दाण्याएवढं चाखते. घरचं वरण चक्क गोड लागतं. भाकरीला स्वतःची चव असते, हे मला या वयात कळलं. भेंडीलासुद्धा! हे म्हणतात, हिला येड लागलं.
गंगाबाईच्या लेकीसाठी जास्तीचे पापड आज केले. पाणी लगेच खारट लागलं. बास म्हटलं.

७ मे
नाक कापलं गेलं.
गंगाबाई तळलेला पापड ताटलीत घेऊन आली. "अक्का, खाऊन बगा." मोडून जिभेवर ठेवला. मला चांगला लागला. तिनं रेखाला दिला. रेखा माझ्याकडं बघेना. ह्यांना दिला. ह्यांना भीड कुठली! "आळणी," म्हणाले.
माझी जीभ बदलली आहे. दाणाभर मीठही तिला आता भरपूर वाटतं. तराजूच हलला.
"लेकीच्या सासरी काय तोंड दाखवू?" म्हणत गंगाबाई गेली. पापड पाठवणार तर आहेच, उडीद फुकट आले नाहीत.
सासूबाई गेल्यावर मला कोणी मान दिला असेल तर या एका गोष्टीनं. आज फार वाईट वाटलं. गोळी घेताना मनात आलं, मिठाची जीभ परत यायची तर आठ दिवस पुरतील. ठेचा आहे घरात.

८ मे
ठेचा नाही खाल्ला. आई आठवली. तिचा तो हात, मी चोळायची, गार असायचा.

१५ मे
१३६/८६. हे म्हणाले, "मंग आता गोळी बंद?" डॉक्टरीणबाईनं आधीच बजावलं होतं, बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. म्हटलं, गोळीनं उतरलंय, तुमच्या तोंडाकडं बघून नाही. यावेळी ह्यांचा खोकलाही दाखवला, एकदाचा. तोंडाला फडकं बांधून दळायला सांगितलंय. आता दरोडेखोर दिसतात.

२१ मे
गंगाबाई आली, ओट्यावर न बसता उभी राहिली. भांडायला आली वाटलं. हळूच म्हणाली, "पुढल्या बारीला दवाखान्यात जाताना मला पन घेऊन चला. मानेपाशी लय जड पडायलंय." पापडाचा विषय ना तिनं काढला, ना मी.

२२ मे
पुढली बारी कशाला? आजच नेलं. तिचं १५८/९६. परत येताना घराजवळ आल्यावर म्हणाली, "म्हंजे आता तुमचेच पापड खायचे."

३० मे
लोणचं. कैऱ्या दोन्ही घरच्या एकत्र आणल्या, आमच्याच अंगणात फोडल्या. गंगाबाईनं विळी धरली, मी कोयी काढल्या. पापड आळणी झाला तर एक जेवण बिघडतं. लोणच्यात मीठ कमी पडलं तर पावसाळ्यात बुरशी, वर्षाचं लोणचं उकिरड्यावर. तिथं अंदाज चुकून भागत नाही.
मसाला कालवून झाला. मिठाचं भांडं पुढं आलं आणि मदतीला आलेल्या सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. सवय. गंगाबाईसुद्धा.
मी म्हटलं, रेखा, हात धू.
ती नको नको म्हणत होती. बसवलं पाटावर. माझ्याच पाटावर. सांगायचं ते सांगितलं: मूठ सैल धरायची नाही, फोडी रसरशीत असल्या तर मीठ वाढवायचं, आणि खारट लागलं की तिथं थांबायचं नाही, लोणच्याला त्याच्या पुढं जावं लागतं. तिनं टाकलं, कालवलं, चाखलं. अजून टाकलं. मी असते तर तिथंच बास म्हटलं असतं. तिनं डोळ्यांनी विचारलं. ओठांवर आलेला शब्द मी गिळला. तिनं अजून एक मूठ घातली.
मी चाखलं नाही. बोट बुडवायला कोणी अडवलं नव्हतं.
गंगाबाई आपली बरणी घेऊन निघाली. दारात थांबली. "कुनी इचारलं, औंदा मिठाला कोन होतं, तर काय सांगू?"
रेखा घाईनं म्हणाली, "मामीच होत्या."
मी म्हटलं, रेखा होती म्हणून सांग.
गंगाबाईनं मान हलवली आणि गेली. रेखा परात धुवायला वळली, बराच वेळ धूत होती.
बरणीच्या तोंडावर फडकं मी बांधलं. सुतळी दोनदा फिरवून गाठ आवळली, दोन्ही हातांनी. घट्ट बसली. लोणचं टिकतं की नाही ते पावसात कळेल.
सकाळची गोळी घेतली आहे. उद्याची डब्यात.