बाविसाचा आकडा

वाटूर, १२ मे २०२५

चि. अर्पितास आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले तर तुझे बाबा ऐकतील, म्हणून लिहून राह्यले. तू कंपनीत गाड्या पळवून तपासणारी. तू म्हणलीस ही गाडी लिटरला बावीस देते, म्हणून ह्यांनी घेतली आन् साऱ्या गावाला सांगितलं. गाडी चौदाच्या वर जाईना! हॉटेलावर तातेराव म्हणला, पोरीनं बापालाच चुना लावला. तवापासून हे गुपचूप डब्यानं टाकीत पेट्रोल ओततेत, मंग पंपावर चारचौघांसमोर टाकी फुल करून हिशोब दाखवतेत. बराबर बावीस! मी पकडलं तर म्हणले, पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा का? ह्या माणसाला काय म्हणावं, तूच सांग.

जेवत जा. माया आहेच.
तुझी आई, दुर्गाबाई

चाकण, १९ मे

ती. बाबांना अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

आईवर रागावू नका. तिचं पत्र वाचून आधी हसले, मग खूप रडले.

बाबा, बावीस खोटे नाहीत. पण ते आमच्या ट्रॅकचे. तिथं रस्ता गुळगुळीत, गाडीत मी एकटी, एसी बंद. पाऊस पडला तर ट्रॅक वाळेपर्यंत आम्ही हात बांधून बसतो. वारा असला तर एकदा वाऱ्यासोबत, एकदा वाऱ्याच्या तोंडावर पळवून सरासरी काढतो. तुमच्याकडं मे महिना, खड्डे, गाडीत पाच माणसं. हे मी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, तुम्ही का झाकता? डबा ठेवून द्या, एवढं ऐका.

आईला नमस्कार. लेकीवर राग नसावा.
आपली अर्पिता

वाटूर, २७ मे

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन हॉटेलावर गेल्तो. डब्याचं सारं कबूल केलं. लई लाज वाटली, पण तुझी चूक हाय असं मी कुणाला म्हणू दिलं न्हाई.

मंग तातेरावला शेजारी बसवून जालन्याला गेलो. जाताना वारा तोंडावर, पंधरा बसले. येताना पाठीवर, अठरा. एसी बिलकुल लावला न्हाई, तातेराव घामानं निथळला! बावीस काही आले न्हाईत, बेटा.

वाटूरला उतरून त्यानं घाम पुसला. मंग म्हणला, मला गाडी घ्यायचीय, तुझ्या पोरीला विचारून सांग कोणती घेऊ. ती सांगेल तीच घेईन.

जल्दी कळव. तुझा लोभ ह्या खोटारड्या बापावर असू दे.
रामकिसन