खरखर काढून मिळेल

रविवार, ३ मार्च

कन्या आली. सोबत गिटार, गिटारचा अ‍ॅम्प आणि अ‍ॅम्प उचलायला तिच्या बँडमधला टोपीवाला. सोळा तारखेला, शनिवारी, इथल्या सभागृहात तिचा कार्यक्रम. मग बँडसकट दुसऱ्या शहरात बिऱ्हाड. हिला, म्हणजे बायकोला, तिकीट मिळालं. मला नाही.

कारण विचारलं. गेल्या वर्षी तिच्या कार्यक्रमात स्पीकर गुणगुणत होते, म्हणून मी उठून मेन स्विच बंद करवला होता, ते काढलं. वास्तविक आभार मानायचे. म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकत नाही. तपासता."

हे मला. एका स्क्रूड्रायव्हरवर दुरुस्तीचं दुकान उभं केलेल्या माणसाला. रस्त्यावरून जाताना कुणाच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय ते मी आवाजावरून सांगतो.

शेवटी तह झाला. संध्याकाळी तिच्याबरोबर बसून एकेका थोर गिटारवाल्याचं गाणं ऐकायचं. गाणं संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. एकदा जरी जमलं तरी तिकीट. उद्याच मिळवतो.

सोमवार, ४ मार्च

कंट्री, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी. बायको सोडून गेली, ट्रक बंद पडला, असा एकूण विषय. पण गिटारवाला जबरदस्त. अंगठ्याने खालचा ठेका धरतो आणि त्याच वेळी बोटांनी वर चाल वाजवतो. पहिल्याच कडव्यात मी म्हणालो, हे दोघं आहेत. कन्या म्हणाली, एकच. मी म्हणालो, मग त्याने पगार दोघांचा मागायला हवा. ती उठून गेली.

विनोद खरं तर बोलण्यात धरायचा नसतो.

बुधवार, ६ मार्च

ब्लूग्रास. ड्रम नाही, वीज नाही. गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल, सगळे एकाच माइकभोवती उभे. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवतो, मागे होतो. रेटारेटी नाही. आमच्या काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना दाखवायला हवं. गिटारवाला असा सुसाट की हात दिसत नाही, तरी प्रत्येक सूर सुटा. माझा पाय आपोआप हलायला लागला. जवळजवळ शेवटपर्यंत गप्प होतो. मग न राहवून विचारलं, ह्यांना दुसरा माइक परवडत नव्हता का.

कन्येने कपाळाला हात लावला. दहा सेकंद थांबलो असतो तर तिकीट होतं. गाणीच लांबवतात.

शुक्रवार, ८ मार्च

रॉकाबिली. इथे प्रत्येक सूर दोनदा. एकदा वाजतो, लगेच मागून त्याची सावली पळत येते. मी बोललो नाही. फक्त उठून स्पीकरची वायर दाबून बघितली. कन्या म्हणाली, तो प्रतिध्वनी मुद्दाम ठेवलाय. मुद्दाम हा शब्द मला सांगू नये. वस्तू घरी नेल्यावर बिघडली की मी तोच वापरतो.

अंघोळ करताना तेच गाणं गुणगुणत होतो म्हणे. ही म्हणते, दोनदोनदा.

सोमवार, ११ मार्च

रॉक. गिटारवाल्याने एकच सूर ओढून धरला आणि तो सूर रडायला लागला. फाटका, खरखरीत. दुसऱ्या कुणी आधी फ्यूज काढला असता. माझा घसा दाटला होता, त्यामुळे बोलता आलं नाही, आणि तेवढ्यात गाणं संपलं. कन्या माझ्याकडे बघत होती. सर्दी आहे, म्हणालो.

तिने तिकीट माझ्या खिशात घातलं. तिसरी रांग, हिच्या शेजारी. मग कितीतरी वेळ माझ्याजवळ बसून बोलत राहिली. शाळा सुटल्यापासून अशी बसली नव्हती. सांगत होती की हाच आवाज मिळावा म्हणून जुन्या काळी एका गिटारवाल्याने स्वतःच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. मी मान डोलावली. मुलं भाबडी असतात.

गुरुवार, १४ मार्च

कन्या आणि टोपीवाला सभागृह बघायला गेले. सहज तिचा अ‍ॅम्प लावून पाहिला. भयंकर खरखर. उघडला, तर आत स्पीकरचा कागद चिरलेला. सरळ, स्वच्छ चीर. टेम्पोत लागलं असणार. पोर भिडस्त, बापाला सांगायला लाजली.

पातळ कागद, गोंद, हिचा केस वाळवायचा ड्रायर. असं नाजूक काम दुकानात मी दुसऱ्या कुणाकडे देत नाही. आवाज आता आरशासारखा. कुणालाही सांगितलं नाही. आनंदाचा धक्का देणार.

रविवार, १७ मार्च

काल कार्यक्रम झाला. पहिला सूर काचेसारखा निघाला. कन्या थांबली. अ‍ॅम्पची बटणं फिरवली, वायर बदलली. मग तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मी अंगठा वर केला.

पुढे सगळा वेळ मान खाली घालून वाजवलं. टाळ्या पडल्या, पण सभ्य. बाहेर टोपीवाला म्हणाला, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं वाजलं. मी आभार मानले. हिने कोपराने ढोसलं.

घरी कन्येने अ‍ॅम्प उघडला आणि चिकटवलेल्या जागेवरून बोट फिरवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "बाबा, गोंद कुठला वापरलात?"

"एकदम पक्का," मी म्हणालो. "जन्मात निघणार नाही."

आज सकाळी गेली. चूक तिचीच. मुद्दाम केलेल्या चिरेवर तशी चिठ्ठी लावायची असते.

शनिवार, ३० मार्च

कन्येचा फोन हिला येतो, मला नाही. माझा नंबर तिच्याकडून पुसला गेला असणार. आज मात्र हिला म्हणाली, बाबांना दे. नवा स्पीकर घेतलाय, ह्या वेळी ब्लेड टोपीवाल्याने चालवलं. एक नवा तुकडा वाजवते, संपला की सांगा कसा वाटला.

निश्चय केला. ओठ मिटले. आणि काय सांगू. खाली अंगठ्याचा ठेका, वर सुटे सूर पळतायत, सुरामागे सावली, आणि सगळ्यावर ती खरखर. सगळं ओळखू आलं. मग तिने एक सूर ओढून धरला आणि एकदम शांतता. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, काहीतरी गेलं. आता समज आलीय. थोर वादक असे मुद्दाम थांबतात. डोळे मिटून ती शांतता ऐकत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं.

हिने येऊन फोन हातातून काढून घेतला. चार्ज संपून तो केव्हाच बंद पडला होता.

चार्जरला लावल्यावर कन्येचा मेसेज दिसला. नाही आवडलं तर तसं सांगायचं, मधेच ठेवून कशाला दिलात. लगेच उलट फोन लावला, तर "अगं, ऐक" म्हणेपर्यंत पुन्हा बंद. दोष सरळसरळ बॅटरीचा. उघडून बघतो. किरकोळ काम आहे.

रविवार, ३१ मार्च

हिचा फोन आता चालूच होत नाही.

माझ्या फोनवरून कन्येला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. त्या शहरात नेटवर्कची बोंब असणार.

हिने शेजारणीच्या फोनवरून लावला. पहिल्याच रिंगला उचलला.