विद्यमान सुरक्षाव्यवस्थेच्या निधनाबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
वीज वितरण उपविभाग कार्यालय

विषय : घरच्या जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच बसवण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : 'विद्यमान सुरक्षाव्यवस्था समाधानकारक असल्याने बदलाची गरज नाही', हे आपले ३ तारखेचे पत्र.

महोदय,

१. सदर विद्यमान सुरक्षाव्यवस्था म्हणजे माझे वडील. गेल्या महिन्याच्या अकरा तारखेला त्यांचे निधन झाले. दाखला जोडला आहे.

२. आईचे श्वासाचे यंत्र विजेवर चालते, म्हणून वीज गेली की मागच्या अंगणातला जनरेटर तिच्या पलंगाजवळच्या बटणाने लावावा लागतो. त्याची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला धक्का बसू नये, यासाठी वडील आधी मेन स्विच बंद करीत, फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात ठेवीत, मगच जनरेटर लावीत. 'ग्राहक फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवतो. चोख.' हा आपल्या निरीक्षकांचा नऊ वर्षांपूर्वीचा शेरा. त्यावरच माझा अर्ज नाकारला गेला आहे.

३. वायरमन खांबाखालून म्हणे, "काका, फ्यूज दाखवा, मग चढतो." वडील फाटकातून फ्यूज उंच धरीत. "नीट बघ. मागून बायकोला सांगशील, काका विसरले." एकदा सदरा फ्यूजसकट इस्त्रीला गेला, तेव्हा इस्त्रीवाल्याचे दुकान उघडेपर्यंत सगळी गल्ली बिनविजेची बसली.

४. आपल्या लिपिकांनी सुचवले, "ताई, मग आईंनी ठेवावा फ्यूज. खिसाच पाहिजे असं काही नाही." आईचा हात बोर्डापर्यंत पोहोचत नाही. स्टुलावर चढायचे तर श्वासाची नळी काढावी लागते, आणि नळी काढायची वेळ येऊ नये म्हणून तर जनरेटर आहे. सध्या फ्यूज मी काढते. माझी रजा शनिवारी संपते.

५. चेंजओव्हर स्विचचा दांडा एका वेळी एकीकडेच लागतो, आपल्या तारेला किंवा जनरेटरला. दोन्हीकडे लावू म्हटले तरी लागत नाही. परवानाधारक तंत्रज्ञ तो आईच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवून देणार आहे. आपली मंजुरी तेवढी हवी.

६. मंगळवारी वीज गेली तेव्हा मी औषधे आणायला गेले होते. वायरमनने दारातून विचारले, "मावशी, फ्यूज काढलाय ना?" इतक्या वर्षांच्या सवयीने आई पलंगावरून म्हणाली, "काढलाय रे, हे काय, यांच्या खिशात आहे." काकांच्या घरात खात्री काय करायची, म्हणून तो चढला. मी पोहोचले तेव्हा फ्यूज बोर्डातच होता आणि आईचा हात जनरेटरच्या बटणावर.

वायरमनचा आमच्या घरावर विश्वास आहे. तो त्याला ठेवावा लागू नये, अशी व्यवस्था शनिवारपूर्वी व्हावी, इतकीच विनंती.

आपली नम्र,
(स्वाक्षरी)
दिवंगत ग्राहकाची मुलगी
दि. ९