समोरच्या डेरीचा भाव सांगणारा आमचा स्पीकर

वडगाव रासाई,
मंगळवार

चिरंजीव गेणबास अक्काचा आशीर्वाद. इकडं समदी खुशाल हायेत, मी सोडून. माझं खाली लिव्हलंय. तुझा गुडघा कसा हाय? डॉक्टरनं चालायला सांगितलंय तर चाल, नुसता मलम चोळून गुडघा सुधरत न्हाई. भावजयीला सांग, तिनं धाडलेलं लोणचं खारट झालं होतं, पण संपलं. फोन सोडून पत्र का, म्हणशील, तर फोन डेरीच्या सचिवाचा, पोपटचा. मी बोलते तवा तो कान तिथंच ठिवून बसतो.

तर ऐक. सोसायटीच्या डेरीत गाणी लावायची असं कमिटीनं ठरवलं. सकाळी लोकं किटल्या घेऊन रांगेत उभी ऱ्हात्यात, फॅट काढायला टाईम जातो, तवर एकमेकांच्या म्हशी काढून भांडत्यात. गाणी असली की तोंडं गप ऱ्हातील, असं पोपटचं डोकं. पण टेप आतल्या हापिसात, रांग बाहेरच्या हॉलात, आन् हॉलातली फरशी मी दिसातून चारदा धुते (आठ वर्सं धुते, अजून कुणी चांगली धुतली म्हणलेलं न्हाई). पाण्यातून वायर नेली आन् पहिल्याच सकाळी पोपटला असा झटका बसला की त्यो आमच्या कुलदैवताचं नाव घेत टेबलावर चढला. म्हणून बिनवायरचा स्पीकर. एक डबी टेपला जोडायची, तिलाच नावं पुकारायचा माइक, आन् स्पीकर लांब टांगायचा. मी दौंडला तुझ्याकडं यायचीच होते, तवा आणायचं काम माझ्याच गळ्यात.

तू मला मुजीबभाईच्या दुकानात सोडून चहाला गेलास, म्हणून पुढचं तुला ठाऊक न्हाई. त्यानं चार स्पीकर मांडले आन् आवाज गोड किती, बॅटरी किती, हे सांगत बसला. मी म्हणलं, बाबा, गोड ऱ्हाऊ दे, लांब किती जातो ते बोल. आपले आबा मेंढीची घंटा कशी घ्यायचे, आठवतं का? दोन बांध ओलांडून उभं ऱ्हायचे, आन् जी तिथवर ऐकू येईल तीच घ्यायचे. मी तेच केलं. डबी दुकानात ठिवली, गाणं लावलं आन् स्पीकर लेकरासारखा कडंवर घेऊन चालू लागले. पहिला भेळवाल्यापाशीच मुका झाला. दुसरा, तिसरा चौकात. चौथा गडी मात्र गातोय, गातोय, पार पोस्टापर्यंत गातोय! मागनं मुजीबभाई पळत, "मावशी, माल कुठं चालवला?" मी म्हणलं, हाच बांध. लोकं थांबून बघत होती. बघू देत की.

दोन दिस समदं झकास. रांग गप, पोपट खूश, मला कुणीतरी चहाबी पाजला. पण आमच्या समोर, रस्त्याच्या पल्याड, तात्याबाची खाजगी डेरी हाय हे तुला ठाऊकच. त्याच तात्याबाच्या पोराबरोबर आमच्या हर्षदानं आळंदीला जाऊन लगीन लावलं, आन् तवापासनं चौदा महिनं आम्ही मायलेकी बोलत न्हाई. आमचा स्पीकर ऐकून तात्याबाच्या पोटात दुखलं. त्यो गेला दौंडला आन् मुजीबभाईला म्हणला, वडगावच्या बाईनं नेला तस्साच द्या. त्यानं तस्साच दिला.

तिसऱ्या सकाळी आमच्यात गाणं चाललेलं, तीस-चाळीस माणूस रांगेत, आन् मधीच आमच्याच स्पीकरातनं बाईचा आवाज, "आजपासून गाईच्या दुधाला लिटरमागं पन्नास पैसे वाढवून!" तात्याबाच्या डबीचं बोलणं आमच्या स्पीकरच्या पेटीत, आमच्या डबीचं त्यांच्या पेटीत! दोन्ही जोड्यांची लाईन एकच, आन् मीच ती पोस्टापर्यंत जाणारी निवडलेली, रस्ता काय लांब हाय व्हय? पोपट आतनं बाहेर येतो तर रांग समदी रस्त्यापल्याड, हॉलात फकस्त सरूबाई, तिची किटली आन् एक कुत्रं. सरूबाईबी ऐकू कमी येतं म्हणून ऱ्हायलेली.

बरं, आवाज कुणाचा? हर्षदाचा. मग काय, कमिटीला वाट मोकळीच. म्हणत्यात, म्हाळसाबाई लेकीला सामील, मुद्दाम असलं यंत्र आणलं. शनिवारी मिटिंग हाय. तवर त्या पेटीतनं तात्याबाची डेरी बंद झाली न्हाई तर फरशी दुसरी कुणी धुणार. आठ वर्सांची नोकरी, गेणबा! मलाबी राग आला. मी आत गेले, माइक उचलला आन् रस्त्यापल्याडच्या समद्या रांगेला ऐकू जाईल असं तात्याबाला झाडला. काय बोलले ते पत्रात लिव्हण्यासारखं न्हाई.

तवा शुक्रवारी मुजीबभाईला मोटारसायकलवर घालून घेऊन ये. म्हणावं, डबी बदल न्हाईतर पेटी परत घे. चहा मी पाजीन, जास्त काय न्हाई.

तुझी अक्का,
म्हाळसा

ता.क. पेटी परत घ्यायचं मुजीबभाईला बोलू नको. घाई करू नको.

ता.क. दुसरा. एक लिव्हायचं ऱ्हायलं. माझं झाडून झालं. मग तिकडच्या चाळीस माणसांदेखत आमच्या पेटीतनं हर्षदा म्हणली, "आई, तुझा घसा बसलाय. सुंठ घे." बस, येवढंच. मी बटण बंद केलं आन् धुतलेली फरशी परत धुतली.

तर मुजीबभाईला खरं काम हे सांग. पेटीच्या बुडाला, पोपटला दिसायचं न्हाई असं, एक बटण बशीव. रांग लागली की पेटी फकस्त आमची. पण पहाटं पावणेसहाला, कुणी यायच्या आधी, मी एकटी हॉलात असते आन् ती तिकडं किटल्या मांडताना माइक चालूच ठिवते. कप-बशी, खोकला, समदं ऐकू येतं. तेवढा पाऊण तास पेटी तिकडची ऱ्हाऊ दे.

ता.क. तिसरा. येताना पावशेर सुंठ आण. इथल्या दुकानातली जुनी हाय. निम्मी समोर द्यायची हाय. पहाटं तीबी खोकते.