तेच नाव ठेवावं का?

३ मार्च, सोमवार

नाव बदल म्हणाली. बूट काढता काढता, दारातूनच. "माझं नाव काढ त्याच्यावरून."

मुलाखत बरी झाली असणार असं धरून मी चहा टाकला होता. डिझाइनच्या कोर्सची मुलाखत, समोर तीन परीक्षक. मधल्या बाईंनी लेकीची चित्रं बघायला म्हणून तिचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पहिल्या ओळीपासून तिच्याच नावाचा माझा प्रोग्राम, आणि तो वापरणाऱ्यांचे प्रश्न! "अमकी मरत नाही, काय करू?" "नवी अमकी फार जड झालीय, जुनीच बरी होती." "अमकी कायमची काढून कशी टाकायची?" परीक्षक हसले. वाईट मनाने नाही, म्हणाली. तीही हसली त्यांच्याबरोबर. मग बसमध्ये रडली.

नाव इथे लिहीत नाही. कुठेही टाइप करू नकोस असं तिने बजावलंय. वहीत लिहिणं म्हणजे काही टाइप करणं नव्हे, पण हात धजत नाही.

४ मार्च, मंगळवार

ती तान्ही असताना लिहायला घेतला होता हा प्रोग्राम. दुसऱ्यांच्या मशीनवर नजर ठेवायची, एखादं बंद पडलं की बोंब ठोकायची, एवढंच त्याचं काम. मांडीवर ही, बोंब ठोकण्यात पटाईत. वेगळं नाव शोधायचं सुचलंच नाही. फुकट वाटला, ओपन सोर्स. ज्याला हवा त्याने घ्यावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा. लोकांनी घेतला. हॉस्पिटलं, वाचनालयं, पाण्याचे पंप... किती ठिकाणी चालतो ते आता मलाही माहीत नाही. लहानपणी केवढी मिरवायची! वर्गात सांगून यायची, माझ्या नावाचा प्रोग्राम आहे.

नवरा म्हणाला, "अगं, बदल ना मग. नावच तर आहे." हा दाताचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायला लावतो, आणि घरी तोंड उघडलं की हे असं. ते नाव हजारो मशीनच्या सेटिंगमध्ये घट्ट बसलंय. इकडचं तिकडे झालं की कुठेतरी काहीतरी बंद पडणार, आणि बंद पडलंय हे सांगणारा प्रोग्रामच बंद असणार.

खरं सांगायचं तर मलाच ते सोडवत नाही. आयुष्यात दोन गोष्टी धड जमल्या, दोन्हींना तेच नाव.

६ मार्च, गुरुवार

भुंग्याशी बोलले. माझ्याबरोबर हा प्रोग्राम तोच सांभाळतो. एखादी गोष्ट धरली की कानाशी गुणगुण करून जीव खातो, म्हणून भुंगा. आता तो स्वतःही तेच नाव लावतो.

"ताई, एकट्याने बदलू नका. लोक बिथरतील. सगळ्यांपुढे मांडा, नावं मागवा, मतदान घ्या. आणि कारण स्पष्ट लिहा, नाहीतर म्हणतील कुण्या कंपनीने विकत घेतलं."

पटलं. आमच्यात सगळं उघड्यावर चालतं, बंद दाराआड ठरवलेलं कुणी मानत नाही. नियम मीच घालून दिलेला. चार ओळी लिहिल्या. हे माझ्या मुलीचं नाव आहे, तिला त्रास होतोय, मुलाखतीत असं असं झालं. साधं आणि खरं तेवढंच.

७ मार्च, शुक्रवार

नावांचा नुसता पाऊस! कोतवाल, पहारा, टिटवी, बोंबल्या. भुंग्याने 'भोंगा' सुचवलं, त्यावर लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. मला टिटवी आवडलं होतं. हॉस्पिटलवाल्याने, म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघतो त्याने, लिहिलं, "वॉर्डात टिटवी ओरडली असं मी नर्सला सांगायचं का?" बरोबर आहे त्याचं.

जेवताना लेकीला यादी वाचून दाखवली. 'बोंबल्या'ला खळखळून हसली. वाटलं, सुटलो यातून.

९ मार्च, रविवार

वारं फिरलं. सकाळी कुणीतरी लिहिलं: एका मुलीसाठी एवढ्या लोकांनी का भोगायचं? त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग. दुसरा: मुलीला समजवा, वय आहे, जाईल. तिसरा: आज नाव, उद्या रंग आवडला नाही तर? हा तिसरा कोण कुठला, एक ओळ कधी दुरुस्त करून दिलेली नाही त्याने. भांडायला मात्र पुढे!

मतदानात आणखी एक पर्याय घालावा लागला. 'तेच नाव ठेवावं.' भुंग्याने आधी मला विचारलं. नाही कशी म्हणणार? हो म्हटलं.

१० मार्च, सोमवार

तिने वाचलं. वाचणारच, उघड्यावरच तर आहे सगळं.

लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. "मुलाखतीचं कशाला लिहिलंस?"

कारण द्यावं लागतं, म्हटलं.

"आता माझं नाव शोधलं की हेही येतं. बघ. चौथ्या ओळीला."

आलं होतं. मी म्हटलं, थांब, काढून टाकते. पण काढता येत नाही. लोकांनी आपापल्या उत्तरांत माझ्या ओळी जशाच्या तशा जोडल्यात, ठिकठिकाणी प्रती गेल्यात. आमच्याकडे काहीच खोडलं जात नाही, हे मी भाषणांत अभिमानाने सांगत आले.

"मतदान होऊ दे," म्हटलं. "आपण नियमाने जिंकू."

तिने लॅपटॉप मिटला. मग अगदी हळू आवाजात, "माझं नाव ठेवताना कुणाला विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. सासूबाईंच्या मनात दुसरं होतं, मी ऐकलं नाही. माझी मुलगी, मी ठेवीन ते नाव.

१२ मार्च, बुधवार

सगळ्यात पुढे 'तेच नाव ठेवावं'. त्यामागे 'पहारा', बऱ्याच अंतरावर. भुंगा म्हणतो, अजून वेळ आहे. त्याच्या आवाजावरून कळतं की त्यालाही जुनंच हवंय.

१३ मार्च, गुरुवार

माझ्याशी बोलत नाही. ताट खोलीत नेते. बापाशी बोलते, मी आत गेले की गप्प.

१५ मार्च, शनिवार

आज अठरा पूर्ण झाली. केक नको म्हणाली, कुणाला बोलावू नका म्हणाली. सकाळी आंघोळ करून एकटीच बाहेर पडली. "काम आहे." मतदानाचा शेवटचा दिवस, माझं सगळं लक्ष आकड्यांत. काय काम ते विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी निकाल. तेच नाव. थोडंथोडकं नाही, दणदणीत.

भुंग्याचा लगेच फोन. "ताई, लोकांचं प्रेम आहे हो त्या नावावर."

प्रेम! मी फोन ठेवून दिला. आतल्या खोलीत लेक होती, तिने ऐकलं असणार. उठून तिच्याकडे जायचं धाडस झालं नाही.

१६ मार्च, रविवार

मतदानाचा निकाल गुंडाळून ठेवला. सकाळी उठून, कुणालाही न विचारता.

लिहिलं: "नाव मी ठेवलं होतं, मीच काढते आहे. यापुढे 'पहारा'. ज्यांना पटत नाही त्यांनी जुनी प्रत घेऊन वेगळी चूल मांडावी, परवानगी आहेच. फक्त ते नाव वापरू नये, ही एका आईची विनंती." 'एका आईची' खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं आणि पाठवलं.

दुपारपर्यंत शिव्यांचा ढीग. हुकूमशहा, ढोंगी, म्हातारी. म्हातारी वाचून नवऱ्याला हसू आलं, मला नाही. हॉस्पिटलवाला म्हणतो, आम्ही दुसरा प्रोग्राम बघतो. भुंगा एवढंच म्हणाला, "नियम तुमचेच होते, ताई." हो, माझेच होते. अठरा वर्षं पाळले आणि आज मोडले. वाईट वाटतंय, पण झोप चांगली लागेल असंही वाटतंय.

१९ मार्च, बुधवार

फायलीमागून फायली. शोधायचं, बदलायचं, चालवून बघायचं. एका वाचनालयाचं काम दिवसभर अडलं, त्यांची माफी मागितली. कामावरून आल्यावर नवरा चहा आणून ठेवतो आणि मुकाट्याने जातो. शहाणा झालाय.

भुंगा तीन दिवस गप्प होता. आज अचानक अर्ध्या फायली बदलून पाठवल्या, सोबत एक शब्द नाही. राग आहे, पण काम सोडलं नाही त्याने. मला भरून आलं.

जुनी प्रश्नोत्तरं तशीच राहणार, ती माझ्या हातात नाहीत. नव्या पानांखाली हळूहळू दबतील. काही वर्षं जातील त्यात.

२२ मार्च, शनिवार

झालं! पहिल्या पानावर 'पहारा'. आत, बाहेर, सेटिंगमध्ये, कुठेही ते नाव उरलं नाही. स्वतः शोधून खात्री केली.

तिच्या खोलीच्या दारात जाऊन सांगितलं. तिने पुस्तक बाजूला ठेवलं. उठून आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. किती उंच झालीय, तिला वाकावं लागतं.

"खूप भांडावं लागलं ना तुला?"

"थोडंसं."

"लोक सोडून गेले?"

"गेले काही. येतील."

तिला काहीतरी बोलायचं होतं. काय गं, म्हटलं. "काही नाही. सांगते नंतर." डोळे पाण्याने भरले होते. मला वाटलं, आनंदाने.

दिवसभर कारण नसताना हाका मारत सुटले. पाणी आण, दार लाव, फोन बघ कुणाचा आहे. प्रत्येक वेळी पूर्ण नाव घेऊन, लाडाचं नाही. अठरा वर्षांनी ते पुन्हा फक्त तिचं झालंय! दर हाकेला एक क्षण थांबून मग 'ओ' देत होती. इथेही लिहिणार होते आज. मग म्हटलं, आधी तिला विचारू.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी कुरियरवाला. हातात खोकं. त्याने एका मुलीचं नाव वाचलं, पुढे आमचं आडनाव. मी म्हटलं, आडनाव आमचंच आहे हो, पण या नावाचं इथे कुणी राहत नाही. खालच्या मजल्यावर विचारा. तो जिना उतरायला लागला.

मागून लेक आली. "थांबा, माझंच आहे ते." माझ्या बाजूने पुढे होऊन त्याचं पेन घेतलं आणि सही केली. नवी सही, न अडखळता. बरेच दिवस गिरवलेली असावी.