उरलेले अडीच मैल

हॅझलबी, इंग्लंड
२० जून २०२४

चि. सौ. पद्मिनीस,
अ. उ. आ.

तू रियाधला सुखरूप पोचलीस, हे फोनवर कळलं. पण फोनवर आपण दोघी बहिणी रक्तदाब आणि हवापाणी यांच्यापलीकडे जात नाही. मनातलं सांगायचं असेल तर कागद घ्यावा, असं आपले नाना म्हणायचे. म्हणून हे पत्र. गिरीशरावांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, मिळेल तेव्हा मिळेल.

तू गेल्यापासून घर खायला उठतं. तुझे दाजी गेल्यावर दोन वर्षांत मला एकटीची सवय झाली होती. तू पंधरा दिवस राहून ती मोडलीस. आता दोन कप चहा टाकते आणि दोन्ही मीच पिते.

रोज सकाळी आपल्या वाटेवर जाते. चर्चला वळसा, एका वेळी एकच माणूस जाईल असं ते फिरतं फाटक, मग मोहरीसारख्या त्या रेपसीडचं शेत. तू होतीस तेव्हा पिवळंधम्मक होतं, आता शेंगा धरल्यात. शेतकरी भर पिकातून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवतो, याचं तुला केवढं नवल वाटलं होतं! पुढे ओढ्यावरचा पूल. पुलापलीकडे वीसेक गोऱ्हे नुसते बघायला जवळ आले, आणि शेतकी अधिकाऱ्याची मुलगी किंचाळत माघारी पळाली! नाना असते तर आठवडाभर हसले असते.

पाच मैलांची गोल वाट. निघायचं चर्चच्या बाजूनं आणि घरी यायचं बरोब्बर उलट बाजूनं. तू पुलावरून मागे फिरलीस, त्यामुळे मैल तेवढेच झाले, वाट मात्र अर्धीच राहिली. पुलापुढे काय आहे ते मी लिहिणार नाही, फोटोही पाठवणार नाही. ये आणि माझ्याबरोबर चालून बघ.

गिरीशरावांना नमस्कार, निवेदिताला गोड पापा. तुझ्यावाचून करमत नाही, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई

रियाध
१६ ऑगस्ट २०२४

ती. सुहासिनीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गोऱ्ह्यांचा विषय तू आता जन्मभर पुरवणार, हे उघड आहे. ते गोऱ्हे घोड्याएवढे होते, एवढं मात्र नोंदवून ठेव.

इथे सेहेचाळीस अंश चाललंय. इमारतीच्या तळघरात गाडीत बसायचं आणि दुसऱ्या तळघरात उतरायचं. पायाला माती लागून किती दिवस झाले, आठवत नाही. म्हणून मी एक वेडेपणा सुरू केलाय. ओलाया भागातल्या एका मॉलमध्ये दुकानं उघडण्याआधी लोकांना चालायला आत सोडतात. तिथे तुझं पत्र हातात घेऊन मी आठ फेऱ्या मारते, म्हणजे तुझे अडीच मैल होतात. अत्तराचं दुकान हे चर्च, बंद पडलेलं कारंजं हे रेपसीडचं शेत. शेवटच्या फेरीला सरकत्या जिन्यापाशी आले की पूल आला. तिथे थांबते. पुढे जायला मला बंदी आहे ना! निवेदिता इंग्रजीत सुनावते की कागद वाचत गोल गोल फिरणारी आई बघून तिच्या मैत्रिणी हसतात. हसू देत.

ताई, खरं सांगू? मला त्या वाटेची भूक लागली आहे. तिथे तू पुढे आणि मी मागे चालत होतो, तशा आपण शाळेला जातानाच चाललो असू. पुढच्या मे महिन्यात नक्की येते. माझा इंग्लंडचा व्हिसा दोन वर्षांचा आहे, फक्त इथून निघायची परवानगी लागेल. उरलेली वाट सांभाळून ठेव.

थोरलेपणानं माया करतेस तशीच करत राहा.

तुझी,
पद्मिनी

हॅझलबी
४ मे २०२५

चि. सौ. पद्मिनीस,
अ. उ. आ.

गिरीशरावांनी नोकरी बदलली आणि नवीन इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, अडकला, म्हणून तुझं यंदाचं येणं राहिलं, हे कळलं. वाईट वाटलं, पण इलाज नाही. इकाम्याशिवाय बाहेर पडून पुन्हा तिकडे परत जाता आलं नाही तर निवेदिताच्या शाळेचं काय? तू मुळीच हळहळू नकोस.

फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून रागावतेस. अगं, कॅमेरा बिघडलाय आणि दुकान तालुक्याच्या गावी. पत्रं आहेत ना! माझं छान चाललंय. रोजची वाट सुटलेली नाही. आजच जाऊन आले. चर्चमागे निळी फुलं आली आहेत, फिरतं फाटक अजून तसंच कुरकुरतं. आणि आपलं ते रेपसीडचं शेत! नुसतं पिवळं, ग. कमरेएवढ्या फुलांतून वाट गेली आहे. पुलावर घटकाभर टेकले, गोऱ्ह्यांनी तुझी चौकशी केली.

तब्येतीला जप. तुझी उरलेली वाट जागेवर आहे.

सदैव तुझं भलं चिंतणारी,
ताई

रियाध
१ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र घेऊन मी नेहमीप्रमाणे चालायला गेले. पाचव्या फेरीला थांबले आणि बाकावर बसून तोच परिच्छेद तीनदा वाचला.

ताई, त्या शेतात गेल्या मे महिन्यात रेपसीड होतं. मी स्वतः पाहिलं. त्याच शेतात यंदा पुन्हा रेपसीड? नानांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी पिकांची फेरपालट शिकवली. मोहरीच्या कुळातलं पीक त्याच रानात लागोपाठ घेणाऱ्याला ते जीपमधून उतरून बोलायचे. आणि पिकातून वाट मोकळी ठेवून दर चार पावलांवर वाटेची पाटी लावणारा तुमचा तो शेतकरी असं करेल? यंदा तिथे गहू असायला हवा.

म्हणजे तू शेतात गेलेली नाहीस. त्या दिवशी नाही, आणि बहुतेक पुष्कळ दिवसांत नाही. आठ-नऊ महिन्यांत तुझा चेहरा दिसलेला नाही. मला आता कॅमेऱ्याची गोष्ट सांगू नकोस.

मी इथे अडकले आहे, मला निघता येत नाही, म्हणून तू लपवतेस ना? पण न कळल्यानं माझी झोप उडाली आहे. जे असेल ते लिही. रागावणार नाही. रागावले तरी तुझीच आहे.

पद्मिनी

हॅझलबी
२५ जून २०२५

चि. सौ. पद्मिनीस,
अ. उ. आ.

नानांची खरी मुलगी तूच. मी हरले.

गेल्या सप्टेंबरात पाऊस पडून गेल्यावर, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवरून पाय घसरला. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी पाहिलं म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण सांधा नीट बसला नाही. वॉकरची चौकट धरून चालते, ती घरात आणि घराच्या फाटकापर्यंत. तिथल्या बाकावर दुपारची बसते. डॉक्टरांनी शेतातलं चालणं कायमचं बंद सांगितलंय. फोनवर ती चौकट तुला दिसली असती.

शेत यंदा कसलं आहे, मला ठाऊक नाही. लिहायला बसले की डोळ्यांपुढे यायचं ते तुझ्याबरोबर पाहिलेलंच. फेरपालटीचा विचारसुद्धा शिवला नाही. माझ्याकरता ते पिवळंच राहिलंय.

सगळ्यात सलतं ते हे, की वाट मी तुझ्यासाठी राखून ठेवली आणि आता दाखवायला माझ्यात पाय नाहीत. म्हणून उरलेल्या अडीच मैलांचं वेगळं पान लिहून घडी करून सोबत घातलंय. पुलापासून घरापर्यंत, काही सोडलेलं नाही. मॉलमध्ये चालताना वाच. सरकत्या जिन्यापाशी थांबू नकोस, पुढे जा. माझी बंदी उठली.

रडले नाही लिहिताना, असं म्हणणार होते. पण आता तुला काही खोटं लिहायचं नाही.

तुझी,
ताई

रियाध
८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावणार नव्हते, पण रागावले. दोन दिवस गिरीशशीही बोलले नाही, त्याचा काही दोष नसताना. मग त्यानंच परवा ऑफिसातून फोन करून सांगितलं, की 'खलास', म्हणजे इथल्या भाषेत झालं एकदाचं, इकामा आला. काल निघण्या-येण्याची परवानगीही हातात पडली. एकवीस तारखेला रात्री मी पोचते. महिनाभर राहणार आहे. निवेदिता म्हणाली की ती आणि बाबा सांभाळून घेतील, आणि चक्क मराठीत म्हणाली.

तुझं ते घडीचं पान मी वाचलेलं नाही. उघडलंसुद्धा नाही. पासपोर्टात ठेवलंय.

बावीस तारखेला सकाळी मी एकटी निघेन. चर्चला वळसा घालीन, शेतात काय होतं ते धसकटं बघून ठरवीन. पुलावर उभी राहून पान उघडीन आणि तू लिहिलंस तशी, ओळीओळीनं, पुढे जाईन. गोऱ्हे आले तर येऊ देत. मला भीती वाटेल, हे आत्ताच कबूल करते. तरी मागे फिरणार नाही.

तू घराच्या फाटकाजवळच्या बाकावर बस. चहा दोन कप टाक. आणि चर्चकडे पाठ करून बस, ताई. मी उलट बाजूनं येणार आहे.

तुझीच,
पद्मिनी